धडगाव-मोलगी भागातील कामासाठी मोबाइल सेवा कोणती घ्यावी?

झरेमोजणी

नमस्कार. आमची लहानशी संस्था नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा या दोन तालुक्यांत झऱ्यांचे आणि विहिरींचे पाणी मोजण्याचे काम सुरू करीत आहे. मुक्काम धडगावला असेल. पण मोजणी करणारी मुले-मुली मोलगीच्या बाजूचे पाडे, तोरणमाळच्या उतारावरची गावे आणि खाली नर्मदेच्या काठापर्यंत फिरणार आहेत. सातजण आहेत, बहुतेक त्याच भागातले. प्रत्येकाला संस्थेतर्फे फोन आणि सिमकार्ड द्यायचे आहे.

संध्याकाळी प्रत्येकाशी बोलणे व्हावे, भरलेले फॉर्म फोटोंसह दोन दिवसांच्या आत धडगावला पोहोचावेत आणि कोणी दरीत पाय मोडून बसले तर त्याला मदत मागता यावी, एवढीच अपेक्षा आहे. पुण्यातील कार्यालयाचे म्हणणे असे की सगळ्यांना एकाच कंपनीची जोडणी घ्यावी, म्हणजे बिल एकच येईल. त्या भागात काम केलेल्यांनी कृपया सांगावे की कोणती कंपनी घ्यावी.

घाटवाट

मी वीजवाहिन्यांच्या पाहणीसाठी अक्राणी तालुक्यात वरचेवर जातो. तुम्हाला कंपनीचे नाव हवे आहे, पण मी ते मुद्दाम लिहीत नाही. एका पाड्यावर ज्या कंपनीवर स्वच्छ बोलणे होते, तिचाच फोन पुढची टेकडी ओलांडली की मुका होतो आणि तिथे दुसऱ्या कंपनीची रेंज असते. सपाटीवरच्या तालुक्यात "अमुक कंपनी चांगली" हे वाक्य खरे असू शकते. सातपुड्यात ते एका टॉवरपुरते आणि एका उतारापुरतेच खरे असते. कार्यालयाला एकच बिल हवे असेल, तर त्यांनी एकदा मोलगीहून खाली नदीकडे चालत जावे, अशी माझी नम्र सूचना आहे.

दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे, हे पहिले उत्तर. कोणत्या दोन, हे टॉवर पाहून ठरवा.

तरंगलांबी

घाटवाट यांच्याशी सहमत आहे. दूरसंचार क्षेत्रात नोकरी केली असल्यामुळे यामागचे कारण थोडे विस्ताराने लिहितो, कारण ते कळले की निवड पुष्कळ सोपी होते.

कंपन्या ज्या लहरींवर सेवा देतात त्यांचे निरनिराळे पट्टे आहेत. ७०० मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४३ सेंटीमीटर लांब असते, तर २३०० मेगाहर्ट्झची जेमतेम १३ सेंटीमीटर. लांब लहर डोंगराच्या कडेवरून थोडी खाली वळते, ओल्या पानांत कमी शोषली जाते आणि घराच्या भिंतीतूनही त्यातल्या त्यात बरी आत येते. आखूड लहरीवरून पुष्कळ डेटा वाहता येतो, परंतु टॉवर समोर दिसला पाहिजे. शहरात आपण जो वेग पाहून कंपनी चांगली की वाईट ते ठरवतो, तो बहुतेक या आखूड लहरींचा वेग असतो. म्हणून शहरातला अनुभव डोंगरात जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

आता कोणाकडे काय आहे ते पाहू. जिओची ४जी सेवा ८५०, १८०० आणि २३०० या पट्ट्यांवर आहे, आणि तिच्याकडे २जी किंवा ३जी मुळीच नाही. म्हणजे ४जी पोहोचले नाही तर साधे बोलणेही होत नाही. व्ही (व्होडाफोन-आयडिया) ९०० चा पट्टा वापरते, एअरटेलही देशात बऱ्याच ठिकाणी तो वापरते आणि दोघांचेही २जी अजून चालू आहे. जिथे इंटरनेटचे चाक नुसते फिरत राहते, तिथे २जीवर बोलणे होते आणि एसएमएसही जातो, हा डोंगरातला मोठा फायदा आहे. बीएसएनएलचे ४जी प्रामुख्याने ७०० आणि २१०० या पट्ट्यांवर उभे राहिले आहे. त्यातील ७०० चा पट्टा तुमच्यासारख्या कामाला फार सोयीचा आहे, मात्र हातातल्या फोनला तो पट्टा कळला पाहिजे.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये ज्या २४,६८० गावांत मोबाइल सेवा नव्हती तिथे ४जी पोहोचवण्याची योजना मंजूर केली आणि ते काम बीएसएनएलकडे दिले. त्यामुळे अतिदुर्गम गावातला पहिला टॉवर बीएसएनएलचा असण्याची शक्यता पूर्वीपेक्षा वाढली आहे. शिवाय जानेवारी २०२५ पासून डिजिटल भारत निधी या सरकारी निधीतून उभारलेल्या ४जी टॉवरांवर बीएसएनएल, एअरटेल आणि जिओ या तिन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना एकमेकांचे जाळे वापरता यावे अशी व्यवस्था सुरू झाली. असे टॉवर देशभरात २७,८३६ आहेत, असे तेव्हा जाहीर करण्यात आले होते. तुमच्या भागातला एखादा टॉवर त्यांपैकी असेल, तर तिथे सिम यांपैकी कोणाचे आहे हा प्रश्न बराच सौम्य होतो. पण तो तसा आहे की नाही, हे तिथे जाऊन तिन्ही सिम लावल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

पर्लकोटेपलीकडे

मी भामरागड तालुक्यात शिकवतो. तुमचा भाग वेगळा आहे, तरीही पावसाळ्याबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटतात.

रेंज असणे आणि काम होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. फोन पूर्ण रेंज दाखवतो, कारण टॉवर जवळ आहे. पण त्या टॉवरचा पुढच्या जगाशी असलेला दुवाच तुटलेला असतो किंवा इतका अरुंद असतो की दहाजणांनी एकदम वापरला तर कोणाचाच फोटो पुढे सरकत नाही. शहरातल्या टॉवरला जमिनीखालून फायबर येते. दुर्गम भागात पुष्कळदा एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर तबकडीने दुवा जोडलेला असतो, कुठे उपग्रहामार्फत असतो, आणि अशा साखळीतला मधला टॉवर बसला की त्यामागचे सगळे बसतात. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद झाला की टॉवरच्या जनित्राला डिझेल कोण नेणार? वीज गेलेली, बॅटरी काही तासांची, आणि ढगाळ हवेमुळे सौर पट्ट्याही सुस्त. त्या दिवसांत सिमकार्ड कोणत्याही कंपनीचे असले तरी ते नुसते प्लास्टिक असते.

तेव्हा चौकशी करताना "रेंज येते का" एवढेच विचारू नका. लाइट गेल्यावर टॉवर किती वेळ चालतो, आणि गेल्या श्रावणात तो सलग किती दिवस बंद होता, हे विचारा. गावकऱ्यांना हे तोंडपाठ असते.

झरेमोजणी

सर्वांचे आभार. कार्यालयाने मला कंपन्यांच्या संकेतस्थळांवरचे सेवाक्षेत्राचे नकाशे पाठवले आहेत आणि त्यांत जवळजवळ सगळा तालुका रंगवलेला दिसतो. ते नकाशे कितपत धरून चालावेत? आणि "टॉवर पाहून ठरवा" म्हणजे प्रत्यक्षात काय करायचे?

तरंगलांबी

नकाशे अगदीच टाकाऊ नाहीत. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०२४ च्या नियमांमुळे कंपन्यांना ते प्रसिद्ध करावे लागले, आणि २जी, ४जी, ५जी असे वेगवेगळे दाखवावे लागतात. त्यांचा उपयोग नकार कळण्यासाठी करावा. जिथे कंपनी स्वतःच पांढरे दाखवते तिथे सेवा नाही, हे खात्रीने धरावे. जिथे रंग आहे तिथे "असू शकेल" एवढेच समजावे. हे नकाशे मुख्यतः गणिताने काढलेल्या अंदाजावर असतात आणि तो अंदाज उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाचा असतो. पत्र्याच्या छपराखाली गेले की तोच फोन गप्प होतो.

मोजणी मात्र सोपी आहे. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली की सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये दिसतो. तो नेहमी उणे असतो. ४जीवर उणे ८५ च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम होते, उणे ११५ च्या पुढे बोलणे तुटू लागते आणि फोटो जाण्याची आशा सोडावी. हे आकडे फसवे वाटतात, कारण फरक लहान दिसतो. प्रत्यक्षात उणे ८० आणि उणे ११० यांत शक्तीचा फरक हजारपटीचा असतो. रेंजच्या उभ्या रेषांवर मात्र विसंबू नका, कारण किती सिग्नलला किती रेषा दाखवायच्या हे प्रत्येक फोन बनवणारा आपापल्या मर्जीने ठरवतो.

प्रत्येक मुक्कामाच्या पाड्यावर, शाळेजवळ, पाणवठ्याजवळ आणि घराच्या आत, असे तीन ठिकाणी चारही कंपन्यांचे आकडे एकाच फोनवर सिम बदलून लिहून घ्या. तुम्ही तर मोजणी करणारेच आहात. झऱ्यांच्या वहीत आणखी एक रकाना वाढेल, इतकेच.

सातपुडाकर

मी मूळचा धडगावकडचा, आता नोकरीसाठी शहाद्याला असतो. इथल्या जाणकारांनी शास्त्र सांगितले. मी व्यवहार सांगतो.

आठवडी बाजाराच्या दिवशी मोलगीला किंवा धडगावला रिचार्ज मारणाऱ्या दुकानात जाऊन बसा आणि कोणत्या पाड्याचे लोक कोणत्या कंपनीचा रिचार्ज मारतात ते विचारा. माणसे आठवड्याची मजुरी मोडून जो रिचार्ज घेतात तो उगीच घेत नाहीत. दुकानदाराला हेही ठाऊक असते की अमुक पाड्याच्या लोकांनी गेल्या वर्षी कंपनी बदलली आणि ती का बदलली.

दुसरे म्हणजे, प्रत्येक पाड्यावर रेंजची एक जागा ठरलेली असते. कुठे महुव्याच्या झाडाखाली, कुठे शाळेच्या मागच्या खडकावर. संध्याकाळी तिथे पाच-सहा माणसे फोन कानाला लावून एकाच दिशेला तोंड करून उभी दिसतात. तुमच्या मुलांना हे सांगावे लागणार नाही, ती तिथलीच आहेत. पण धडगावहून फोन करणाऱ्याने हे समजून घेतले पाहिजे की त्या मुलीला फोन घरी लागणार नाही, ती त्या खडकावर असेल तेव्हाच लागेल. म्हणून वेळ ठरवा आणि फोन तिच्याकडून येऊ द्या. अंधार पडल्यावर तिला खडकावर जायला लावू नका.

तिसरी गोष्ट नदीकाठची. मणिबेली, चिमलखेडी या बाजूला सरदार सरोवराचे पाणी पसरलेले आहे आणि पाण्यावरून लहर लांब जाते, त्यामुळे फोन कधी गुजरातच्या, तर पूर्वेकडे मध्य प्रदेशच्या टॉवरला चिकटतो. अशा वेळी फोनवर रोमिंगची खूण येते, बोलणे होते, पण इंटरनेट चालत नाही, आणि माणूस कंपनीला शिव्या घालतो. कारण एवढेच असते की फोनमधले "डेटा रोमिंग" बंद ठेवलेले असते. ते चालू करून ठेवा. जाळे निवडण्याची सेटिंगही "आपोआप" वरच असू द्या. कोणीतरी हौसेने एखादे जाळे हाताने निवडून ठेवले, तर पुढच्या दरीत फोन तेच शोधत बसतो आणि दुपारपर्यंत बॅटरी संपवतो.

हिशेबनीस

कार्यालयाच्या बाजूने थोडे लिहितो, कारण अशा कार्यालयात बिले तपासण्याचे काम मी करतो आणि एकच बिल हवे असण्यामागे केवळ आळस नसतो.

पूर्वी संस्थेच्या नावावर सिमकार्डांचा गठ्ठा घेऊन ती कोणालाही वाटता येत असत. १ डिसेंबर २०२३ पासून ते बंद झाले. संस्थेच्या नावाने जोडणी घेतली तरी प्रत्यक्ष वापरणाऱ्या प्रत्येकाची ओळखपडताळणी करावी लागते. म्हणजे कागदपत्रांचा त्रास एका कंपनीने वाचत नाही. तो माणसागणिक आहेच. तेव्हा मुख्य सिम संस्थेच्या नावाने पोस्टपेड घ्यावे आणि दुसरे प्रीपेड कार्यकर्त्याच्या स्वतःच्या नावाने असू द्यावे व त्याचा खर्च प्रवासभत्त्यासारखा द्यावा, हे हिशेबात बसते. एका व्यक्तीच्या नावे नऊपर्यंत जोडण्या चालतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही.

दुसऱ्या सिमवर महागडा डेटा पॅक मारू नका. ट्रायने डिसेंबर २०२४ मध्ये केवळ बोलणे आणि एसएमएस यांचे पॅक देणे कंपन्यांना बंधनकारक केले, आणि अशा पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येते. २जीवर बोलण्यासाठीच जे सिम ठेवायचे, त्याला तेवढे पुरे. नाहीतर २८ दिवसांचा पॅक मोजणीच्या मध्येच संपतो आणि रिचार्ज मारायला रेंज नसते, हा प्रकार मी प्रवासभत्त्याच्या अर्जांत पुष्कळदा वाचला आहे.

कंपनी बदलायची झाल्यास आधी मुक्कामावर या. १९०० वर संदेश पाठवून मिळणारा पोर्टिंगचा संकेतांक आपल्याकडे चार दिवसच चालतो, आणि सिमकार्ड हरवून नवे घेतले असेल तर जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे पुढचे सात दिवस तो मिळतच नाही.

आशाताई_धारणी

मी मेळघाटात आरोग्याच्या कामात आहे. सर्वांचे प्रतिसाद वाचले. तुम्ही सगळे रेंज कुठून आणायची हे सांगत आहात. मी म्हणेन की रेंज लागणारच नाही असे काम आधी आखावे.

आमच्याकडे हरिसालला २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजावाजा झाला, आणि तिथून काही कोसांवरच्या पाड्यांत आजही आम्ही फॉर्म कागदावर भरून आणतो. त्यात लाज काही नाही. ओडीकेसारखी जी साधने आहेत त्यांत फॉर्म फोनमध्येच भरून साठवता येतो आणि रेंजमध्ये आल्यावर एकदम पाठवता येतो. जीपीएसला मोबाइलचे जाळे लागत नाही, ते उपग्रहाकडूनच येते. फक्त जाळे नसताना पहिली जागा पकडायला थोडा वेळ लागतो, तेव्हा मुलांना घाई करू देऊ नका. फोटोंचा आकार फॉर्ममध्येच कमी ठरवून ठेवा. कॅमेऱ्याचा पूर्ण आकाराचा फोटो अरुंद दुव्यावरून अर्ध्यातच थांबतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

अडतो तो ओटीपी. ज्या ॲपमध्ये दररोज नव्याने प्रवेश करावा लागतो ते ॲप पाड्यावर नेऊ नका. तसेच कार्यकर्त्याचा बँकेला आणि आधारला जोडलेला क्रमांक कोणत्याही परिस्थितीत बदलायला लावू नका; त्याच्या घरी ज्या कंपनीची रेंज आहे तिच्यावरच तो राहू द्या. संस्थेच्या सोयीसाठी मुलीचा क्रमांक दुसऱ्या कंपनीकडे नेला आणि घरी बँकेचा संदेश येईनासा झाला, असे होता कामा नये.

पाय मोडण्याबद्दल: ११२ हा क्रमांक आपल्या कंपनीची रेंज नसली तरी जे कोणते जाळे मिळेल त्यावरून लागतो, एवढे प्रत्येकाला सांगून ठेवा. कोणतेच जाळे नसेल तर काहीच लागत नाही. त्यासाठी माणसे जोडीने पाठवणे आणि कोण कुठे गेले आहे हे धडगावच्या फळ्यावर लिहिणे, हा एकच उपाय आहे. ठरल्या वेळी फोन आला नाही तर किती वेळ थांबायचे आणि मग गावातल्या कोणाला निरोप द्यायचा, हेही आधी ठरवा.

घाटवाट

आशाताई, अगदी खरे. आमच्याकडेही जोडीशिवाय कोणी जात नाही.

नवागत_४

मुक्कामाच्या घरावर सिग्नल वाढवणारे यंत्र बसवले तर? बाजारात स्वस्तात मिळते. नाहीतर उपग्रह फोन घ्यावा.

तरंगलांबी

दोन्हींत कायद्याची अडचण आहे. परवानगीशिवाय असे यंत्र बसवणे बेकायदा आहे, आणि ते स्वस्तातले यंत्र आजूबाजूच्या टॉवरमध्ये इतका गोंगाट भरते की आपली रेंज वाढते आणि शेजारच्या पाड्याची जाते. उपग्रह फोनही भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय जवळ बाळगता येत नाही. थुराया आणि इरिडियम या परदेशी कंपन्यांचे उपग्रह फोन जवळ असल्यामुळे परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडवल्याच्या बातम्या आल्या आहेत. रीतसर मार्ग बीएसएनएलकडून इन्मारसॅटची उपग्रह फोन सेवा घेण्याचा आहे, पण सातजणांच्या संस्थेला तो परवडणार नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत भारतनेट या सरकारी योजनेचे फायबर पोहोचून चालू आहे का ते पाहा. असेल तर तिथल्या वायफायवरून फॉर्म जातील, आणि फोनमध्ये वायफाय कॉलिंग असेल तर बोलणेही होईल.

झरेमोजणी

सांगितल्याप्रमाणे मोलगीच्या बाजूच्या काही पाड्यांवर आकडे घेतले. एका कंपनीचा आकडा शाळेजवळ उणे ९२ आणि त्याच शाळेच्या पत्र्याखाली उणे ११४ आला. दुसऱ्या कंपनीचे ४जी कुठेच धड नव्हते, पण २जीवर तीन पाड्यांवर बोलणे झाले. नदीकडच्या दोन ठिकाणी तिसऱ्याच कंपनीचे जाळे मिळाले, तेही रोमिंगच्या खुणेसह. हा तक्ता पुण्याला पाठवला आणि एका बिलाचा आग्रह कार्यालयाने सोडला. मोलगीच्या गटाला एक जोडी आणि नदीकाठच्या गटाला दुसरी जोडी, असे सध्या ठरते आहे. फोन मात्र अजून घेतलेले नाहीत. दोन सिमांचा कोणताही चालेल ना?

तरंगलांबी

कोणताही नाही. खोक्यावर "४जी, दोन सिम" लिहिलेले असते तेवढ्यावर जाऊ नका. त्या नमुन्याचा तपशील पाहून बँड २८, बँड ८ आणि बँड ५ हे तिन्ही आहेत का ते तपासा. हे अनुक्रमे ७००, ९०० आणि ८५० मेगाहर्ट्झचे पट्टे आहेत. स्वस्त ४जी फोनांतून पुष्कळदा बँड २८ वगळलेला असतो, आणि मग बीएसएनएलचा टॉवर डोक्यावर असला तरी त्या पट्ट्यावर फोनला काहीच दिसत नाही. दोन्ही सिमांवर व्होल्टी, म्हणजे ४जीवरून बोलणे, चालते का, हेही दुकानातच दोन्ही सिम घालून, एकमेकांना फोन लावून पाहा. घडीचा जुना २जी फोन कोणाकडे असेल तर तोही पिशवीत राहू द्या. तो एकदा भरला की तीन-चार दिवस सहज चालतो.

सातपुडाकर

आणि फोन घेताना काढता येणारी बॅटरी मिळत नसेल तर प्रत्येकाला पॉवर बँक द्या. रेंज शोधणाऱ्या फोनची बॅटरी रेंज असलेल्या फोनपेक्षा पुष्कळ वेगाने उतरते, आणि पाड्यावर दिवे सौर असतील तर चार्जिंगची पाळी घरच्या लोकांनंतरच येते. मोजणी चालू असताना विमान मोड लावून ठेवायला सांगा. जीपीएस त्यातही चालते.